पांढऱ्या धावदोऱ्याचा कोट

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही शिंपी?" मी म्हणालो, नाही, सॅम्पल मास्टर. त्यांनी मान डोलावली. मग माझ्या थोरल्या भावाला गॅलरीत घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे शिंपीच ना?" भाऊ हो म्हणाला आणि लग्न झालं.

हा प्रश्न मला अजूनही विचारतात, म्हणून आधी तेच सांगतो. दुकानात तुम्ही एक शर्ट घेता. तसे शेकडो शर्ट कारखान्यात निघालेले असतात. पण त्यातला पहिला कोणीतरी एकट्याने डोकं खपवून केलेला असतो. डिझायनर कागदावर चित्र काढतो. कागदावरच्या माणसाला पोट नसतं, त्याचा एक खांदा उतरलेला नसतो आणि त्याला हात वर करून बसचा दांडा धरायचा नसतो. त्या चित्रावरून खऱ्या माणसाच्या अंगावर बसेल असा पहिला नग काढायचा, तो म्हणजे सॅम्पल. आधी जाड कागदावर बाही, पाठ, गळा असे एकेक भाग आखून कापायचे, मग त्यावरून कापड कापायचं, शिववून घ्यायचं, चुकलं की पुन्हा कागदापासून सुरुवात. हे करणारा तो मास्टर. त्याचं नाव कपड्यावर कुठेही येत नाही. आत लेबल असतं ते कंपनीचं किंवा डिझायनरचं. मी कापलेले कपडे बड्या बड्या लोकांनी घातले, त्यांचे फोटो छापून आले. मी ते फोटो कापून ठेवायचो आणि बायकोला खांद्याची शिवण दाखवायचो. ती म्हणायची, तोंड तर बघू दे आधी.

आमचा गाळा परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर होता. अकरा मशिनं, कटिंगचं एक लांब टेबल, खिडकीपाशी फिनिशिंगचं टेबल. कामं देशी-परदेशी दोन्हीकडची यायची. तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. गिरगावातल्या एक बाई अमेरिकेतल्या मुलासाठी लग्नाचा बंदगळा शिवून घ्यायला आल्या. माप विचारलं तर म्हणाल्या, याच्या बाबांसारखाच आहे, फक्त बाबा जरा ताठ आहेत. मी वडिलांना बोलावून घेतलं, वाकून उभं राहायला लावलं आणि माप घेतलं. कोट मुलाला चपखल बसला. दुसऱ्या खेपेला बाई पेढे घेऊन आल्या आणि वडिलांसाठीही एक शिवा म्हणाल्या, ताठ मापाचा.

चुकाही केल्या. एकदा घाईत बाहीचा पॅटर्न उलटवायला विसरलो आणि एका जॅकेटला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. शेठनी विचारलं, कोणाचं काम? मी पुढे होऊन म्हणालो, माझं. सगळ्या गाळ्याने माझं कौतुक केलं, मास्टर चूक लपवत नाहीत म्हणून. हे मी अभिमानाने बऱ्याच जणांना सांगितलंय. आता वाटतं, त्या चुकीत कोणाचं काही गेलं नव्हतं. छोट्या चुका कबूल करायला मी नेहमीच पुढे असे.

आज मला लिहायचंय ते एका काळ्या कोटाबद्दल आणि इंदूमावशींबद्दल. हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिव. पण माझा नाव अख्खा लिव." म्हणून लिहितो, इंदुमती गोविंद परब. गाव मालवणजवळ, मुक्काम लग्नापासून लालबाग.

आम्ही एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहायचो. मावशी माझ्या आईपेक्षा बऱ्याच लहान, पण दोघींचं मेतकूट होतं. दिवाळीनंतर दोघी मिळून गोधडी शिवायला घ्यायच्या. गॅलरीत जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेने सुरुवात करून आत आत येत टाके घालायचे. कापड ताणलेलं राहावं म्हणून चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायला लागायचं. तीन कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि पाण्याची कळशी, चौथ्यावर मी. शाळेत जायच्या आधीपासून माझी ती नेमणूक होती. मी चुळबुळ केली की मावशी वर न बघता म्हणायच्या, "हलू नको रे, ओळ वाकडी जाता."

पुढे त्यांच्या यजमानांची गिरणी बंद पडली, मग यजमानही गेले, आणि मी मास्टर झाल्यावर त्यांना आमच्या गाळ्यात हातकामाला आणलं. काजं, बटणं, हेमिंग आणि कच्चा टाका. हा कच्चा टाका म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मशिनवर घ्यायच्या आधी कापडाचे थर सरकू नयेत म्हणून ते सुईदोऱ्याने तात्पुरते धरून ठेवतात. साधा धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली, वर-खाली करत पुढे जायचं. पक्की शिवण झाली की तो ओढून काढून टाकायचा. काढायचा राहू नये म्हणून तो मुद्दाम पांढऱ्या दोऱ्याने घालतात, डोळ्यांत भरावा असा. आमच्या गाळ्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगायचो, "पांढरा दोरा हा पाहुणा. कपडा बाहेर पडायच्या आधी पाहुणा गेला पाहिजे." तो राहिलेला दिसला तर मी बोलायचो, आणि चारचौघांत बोलायचो.

मावशी खुर्चीवर बसत नसत. खिडकीखाली चटई, पाय पसरलेले, दोरा ओढायला मेणाचा तुकडा. निघून जाणाऱ्या त्या टाक्यालाही त्या आखल्यासारखं सरळ घालायच्या. मी एकदा म्हणालोही, मावशी, हा जाणाराय, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, हाताक ठावक नसता जातलो का रवतलो. जाणार की राहणार, हे हाताला कुठे माहीत असतं.

हारुको मॅडम आमच्याकडे आल्या त्या एका एक्स्पोर्टरच्या ओळखीने. जपानच्या. वय पन्नाशीच्या आसपास, केस मुलासारखे कापलेले, अंगात नेहमी एकच बिनबटणाचा काळा सदरा. गाळ्यातले लोक त्यांना जपानी मॅडम म्हणायचे. त्या दरवर्षी थंडीत यायच्या, कुठल्या कुठल्या खेड्यांतल्या मागांवर कापड बघत हिंडायच्या आणि शेवटचे पंधरा दिवस मुंबईत आमच्याकडे सॅम्पल करायच्या. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. जिथे अडे तिथे कापड उचलून दाखवायचं.

त्यांची तऱ्हा निराळी होती. बाकीचे डिझायनर माझ्याकडे येऊन काहीतरी वाढवायला सांगायचे, इथे चुणी, तिथे पट्टी. या काढून टाकायला सांगायच्या. कॉलर काढली, खिसा काढला, बटणं काढली. मग कापड जमिनीवर अंथरून त्याच्याभोवती फेऱ्या मारायच्या आणि अजून काय काढता येईल ते बघायच्या. मागावरून निघालेलं कापड कात्रीने कापायचं त्यांच्या जिवावर यायचं. कोणीतरी धागा धागा करून जोडलंय, आपण चार मिनिटांत तोडायचं, असं काहीसं त्या म्हणाल्या होत्या. कटिंग मास्टरसमोर हे बोलायचं म्हणजे न्हाव्यासमोर जटांचं कौतुक.

इंदूमावशींची आणि त्यांची ओळख जेवणावरून झाली. मावशींच्या डब्यात सुका बांगडा होता. वासाने मॅडम खिडकीपर्यंत आल्या, चटईवर बसल्या आणि भाकरीबरोबर बांगडा काट्यासकट खाल्ला. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, ही आमच्यातलीच दिसता." त्यानंतर डब्यात दोन भाकऱ्या जास्त येऊ लागल्या.

तिथे बसल्या बसल्याच मॅडमनी मावशींच्या मांडीवरचं अर्धवट जॅकेट पाहिलं. काळ्या कापडावर पांढरे कच्चे टाके, एकाखाली एक. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, बोटाने टाके मोजले आणि मला विचारलं की या एवढे सारखे कशा घालतात. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तांदळाच्या दाण्याएवढो घालायचो, काय." मी ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं, तर मॅडम हसायलाच लागल्या. त्यांची आजीही फाटक्या कापडांचे थर एकत्र शिवायची आणि तांदळाचा दाणाच म्हणायची.

त्या दुपारी कोटाची कल्पना निघाली. हातमागाच्या तलम काळ्या कापडाचे दोन थर. अस्तर नाही, बटण नाही. दोन्ही थर एकत्र धरून ठेवायचं काम फक्त पांढऱ्या धावदोऱ्याचं, कडेपासून आत आत येणाऱ्या ओळी, बोटभर अंतराने, गोधडीसारख्या. तो दोरा काढायचा नाही. तोच कोट. त्यांच्या शहरात त्यांचं एक मोठं प्रदर्शन व्हायचं होतं, त्यात हा कोट मधोमध टांगायचा. तो लोकांना आवडला तर असे कोट दरवर्षी करायचे, मावशींच्या हाताखाली चाळीतल्या चार बायका बसवायच्या. आणि कोटाच्या आत, मानेपाशी, त्यांच्या कंपनीचं लेबल लावायचं नाही. जिने शिवला तिने स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात शिवायचं.

मावशी म्हणाल्या, माझं अक्षर बरं नाही. मॅडम म्हणाल्या, चालेल. त्या दिवशी घरी जाताना मावशी जिन्यात माझ्या पुढे होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या.

कोटाचा पॅटर्न मी केला. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो असं बायको म्हणते, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही. अख्ख्या कोटात दोनच काप होते, आणि त्या दोन कापांवर तो माणसाच्या खांद्यावर बसवायचा होता. कापड न कापता मानेला गोलाई आणायची म्हणजे घडीतून आणायची. मी अकरा वेळा साध्या मांजरपाटावर करून बघितलं. अकराव्या वेळी घडी मानेवर आपसूक पडली. मॅडमनी ती बघितली, मान हलवली, छान म्हणाल्या आणि लगेच मावशींकडे वळून दोऱ्याबद्दल बोलू लागल्या. मी तिथेच उभा होतो. माझ्या हातात टेप होती. माझं नाव कुठे घालायचं, असा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मावशी दोन महिने कोटावर बसल्या. कोट त्या घरी न्यायच्या, जमिनीवर अंथरून दिवसाउजेडी काम करायच्या, कारण डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागलाय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चाळीत जो तो बघून जायचा. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिलाही मावशींनी कोट पलंगावर नेऊन दाखवला. आई मला म्हणाली, इंदूचं नाव परदेशात जाणार बघ. मी हो म्हणालो. एवढ्या वर्षांत माझं काम परदेशात गेलं होतं, ते आईला कधी असं सांगावंसं वाटलं नव्हतं.

कोट न्यायला मॅडम त्या वर्षी मुद्दाम पुन्हा येणार होत्या, त्याच्या आदल्या दिवशी कोट गाळ्यात आला. जुन्या धुवट साडीत गुंडाळलेला. मी तो टेबलावर उलगडला. तसं काम मी आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. ओळी कडेने निघून खांद्यावरून वळून पाठीच्या मध्यावर येत होत्या, पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशा, पण उलट्या, आत मिटत जाणाऱ्या. आणि मानेपाशी, माझ्या घडीच्या बरोबर खाली, पांढऱ्या दोऱ्यात दोन अक्षरं. इंदू.

आमच्या गाळ्यात प्रत्येक नगाला एक चिठ्ठी टाचलेली असायची. त्यात फिनिशिंगवाल्यांसाठी सूचना असत, आणि ती चिठ्ठी लिहायचं काम मास्टरचं. मी ती लिहिली होती. "पांढरा दोरा काढायचा नाही. तेच काम आहे." चिठ्ठी लिहून मी शर्टाच्या खिशात ठेवली. मग कोट फिनिशिंगच्या टेबलावर इस्त्रीसाठी ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागलो. चिठ्ठी टाचायची राहिली.

खिशातल्या चिठ्ठीचं सोडलं तर इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे. ते आणि यानंतरचं मी तेरा वर्षं कोणाला सांगितलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला मी फिनिशिंगच्या टेबलावरून जात होतो. तिथे सरिता म्हणून नवीन लागलेली मुलगी होती. मी शिकवलं होतं ते ती इमानाने करत होती. कोट समोर पसरलेला, हातात टाके काढायची उसवणी, डाव्या बाजूच्या खालच्या दोन ओळी काढून झालेल्या. धावदोऱ्याचं असं असतं की गाठ सोडली की एका ओढीत वीतभर निघतो. घालायला दोन महिने आणि काढायला एक दुपारही लागत नाही. मी थांबलो. माझा हात खिशावर गेला, चिठ्ठी बोटांना लागली. सरिता माझ्याकडे बघून हसली, बघा मास्टर, तुम्ही सांगितलं तसंच करतेय, अशी. मी हात काढून घेतला. मी जिना उतरून चहाला गेलो. एक चहा प्यायलो. मग दुसरा मागवला.

त्या दोन चहांच्या वेळात माझ्या मनात काय होतं, ते मी नंतर फार शोधलं. राग नव्हता. कोट बिघडावा असंही स्पष्ट वाटलं नव्हतं. एवढंच की ती दोन अक्षरं डोळ्यांपुढून जात नव्हती, आणि वर जायला माझे पाय उठत नव्हते.

वर आलो तेव्हा डावा भाग आणि सगळी पाठ रिकामी झाली होती. उजवी बाही आणि नाव तेवढं शिल्लक होतं. तेव्हा मी ओरडलो. इतका की मशिनं थांबली. सरिता रडायला लागली. शेठ बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, चिठ्ठी कुठाय?

मी म्हणालो, चिठ्ठीची गरज नव्हती, पक्का दोरा कोणी काढत नाही. दोऱ्याची दोन रिळं असतात, एक कच्च्या टाक्याचं, सैल पिळाचं, आणि एक पक्कं. दिसायला दोन्ही पांढरी. मावशींनी चुकून कच्चं रीळ घेतलं असणार. डोळ्यांना दिसत नाही त्यांना आता. पोरीने कच्चा दोरा बघितला आणि काढला, तिचा काय दोष?

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण बोलताना एकही शब्द अडखळला नाही. सगळ्यांना पटलं, कारण मास्टर चूक लपवत नाहीत.

मावशी कोट देऊन घरी गेल्या होत्या, त्यांना बोलावून घेतलं. त्या कोटाकडे बघत उभ्या राहिल्या. शेठनी माझंच म्हणणं त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं त्या भांडतील. त्या फक्त माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर सांगतत म्हणजे तसाच असतला. डोळ्यांनी दगो दिल्यान."

दुसऱ्या दिवशी हारुको मॅडम आल्या. कोट जमिनीवर अंथरला आणि नेहमीसारख्या त्याच्याभोवती फिरल्या. मी माझी गोष्ट त्यांनाही सांगितली, मोडक्या इंग्रजीत ती आणखीच सरळ वाटत होती. त्यांनी उजव्या बाहीतल्या दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि बोटांत फिरवलं. दोऱ्याचा पीळ डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतो. मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या उठल्या, मावशींजवळ चटईवर बसल्या आणि पुन्हा घालाल का, वेळ लागू दे, असं विचारायला मला सांगितलं. मी विचारलं. मावशींनी मान हलवली. चुकीच्या रिळाला हात जातो त्या हाताने काय शिवायचं, म्हणाल्या. डब्यातल्या जास्तीच्या भाकऱ्या त्या दिवशी तशाच परत गेल्या.

कोट मॅडम तसाच सोबत घेऊन गेल्या, पण प्रदर्शन त्याच्याशिवाय झालं. मावशींनी महिन्याभरात काम सोडलं. सुई पुन्हा हातात धरली नाही, स्वतःच्या पोलक्याचा हूक तुटला तरी लेकीला लावायला सांगायच्या. सरिताही त्याच सुमाराला निघून गेली. सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो ते मी होतो, आणि तिचा दोष नाही म्हणून मोठेपणा घेतला तोही मीच. तिचा पत्ता मला अजून मिळालेला नाही. हा अंक तिच्या हाती पडला तर तिने हे वाचावं, म्हणूनही हे छापायला देतोय.

पुढच्या थंडीत मॅडम आल्या नाहीत. जपानहून एक पार्सल आलं, माझ्या नावाचं. आत तोच कोट आणि एक छोटं पत्र. साधारण असं होतं, हा कोट इंदूबाईंना द्या. सुईची भोकं अजून आहेत. त्यांना वाटलं तर. खाली माझ्यासाठी एक ओळ होती, दोरा पक्का होता.

मी कोट मावशींना दिला नाही. दिला असता तर पत्रही दाखवावं लागलं असतं, निदान मी तरी तसं ठरवून टाकलं. कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या मागे ठेवला. आई गेली तेव्हा मावशी आमच्याकडे तेरा दिवस येऊन बसल्या, कपाटाला पाठ टेकून. तरी मी तो काढला नाही.

चाळीचं रीडेव्हलपमेंट लागलं, मावशी भोईवाड्यात लेकीकडे राहायला गेल्या. आमचा गाळाही उठला. मशिनं भिवंडीला गेली आणि मी घरीच पॅटर्न कापून द्यायला लागलो. घर बदलताना कोट पुन्हा हातात आला. खिडकीशी धरला तर सगळी पाठ बारीक बारीक भोकांनी भरलेली, उजेड त्यातून ओळीने येत होता. एक टाका नव्हता, पण कुठे होता ते सगळं दिसत होतं.

मग मला वाटलं, भोकं आहेतच, आपण घालू. मी चष्मा लावून बसलो. तीस वर्षं सुईदोऱ्याच्या धंद्यात काढली होती. डाव्या बाजूच्या सात ओळी घातल्या, आठ दिवस लागले. भोकं तयार असूनही माझे टाके तिरके पडायचे, कधी ओढ जास्त, कधी सैल. आठव्या ओळीला मी थांबलो. गेल्या श्रावणातल्या एका दुपारी कोट पिशवीत घातला आणि भोईवाड्यात गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं.

मावशी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा तसाच. लेक चहा टाकायला आत गेली. मी काही बोलायच्या आत मावशींनी पिशवीला हात लावला, कापड ओळखलं आणि ओढून मांडीवर घेतलं. बघितलं नाही, बोटं फिरवली. उजव्या बाहीवर बोटं थांबली. त्यांनी दोऱ्याचं टोक शोधलं, चिमटीत घेतलं, फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"हो तर पक्को दोरो," त्या म्हणाल्या.

मी घोकलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "हो मावशी. पक्काच होता. चिठ्ठी माझ्या खिशात होती. पोरगी दोरा काढत होती ते मी बघितलं, आणि मी चहाला गेलो."

त्यांनी दोऱ्याचं टोक सोडलं. आत स्टोव्हवर चहा उकळल्याचा आवाज येत होता.

"तेरा वर्सां," त्या म्हणाल्या, "तेरा वर्सां मी माझ्या डोळ्यांक शिव्या घातलंय, मास्तर."

मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं, "कित्या?"

"आत तुमचं नाव होतं," मी म्हणालो.

त्यांचा हात मानेपाशी गेला, त्या दोन अक्षरांवर. लेक चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून कप ठेवून परत गेली. मावशी म्हणाल्या, "माका सांगायचंस. तुझा नाव पण घातला असता मी. जागा होती."

चहा निवून गेला. मावशींची बोटं मात्र थांबली नव्हती. ती बाहीवरून पाठीवर, पाठीवरून डाव्या बाजूला गेली आणि माझ्या ओळींवर येऊन अडखळली.

"हे कोणाचे टाके?"

"माझे."

"तरीच," त्या म्हणाल्या. लेकीला हाक मारून त्यांनी ब्लेड मागितलं, मेण मागितलं, सुया मागितल्या, पांढरा दोरा मागितला. मग माझ्या पहिल्या ओळीची गाठ शोधून तोडली आणि दोरा ओढला. वीतभर एकदम निघाला. दुसरी ओळ. तिसरी. सातही ओळी काढायला त्यांना दहा मिनिटं पुरली. निघालेला दोरा बोटाला गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिला.

सुया मला ओवायला सांगितल्या. मी दहा ओवून त्यांच्या गुडघ्याशी उशीत ओळीने टोचून ठेवल्या. त्या पलंगावरून खाली उतरल्या, कोट दारातल्या उजेडात लादीवर पसरला आणि चारी बाजूंनी हाताने सारखा केला. एका कोपऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, एकावर डाळीचा डबा, एकावर लेकीच्या घरातलं वजनदार असं जे काही हाताला लागलं ते. चौथा कोपरा तेवढा मोकळा राहिला.

"कोपऱ्यार बस, विलास," त्या म्हणाल्या.

मी आता ऐंशी किलोचा माणूस आहे, गुडघे दुखतात. भिंतीला धरून खाली बसलो. मावशींनी बोटाने पहिलं भोक चाचपलं, सुई आत घातली, वर काढली. दुसरा टाका. तिसरा. मला काहीतरी बोलावंसं वाटलं आणि मी जरा पुढे सरकलो.

"हलू नको रे," त्या वर न बघता म्हणाल्या.

मी हललो नाही.